हंड्याला वाफ येईपर्यंत

“इथं,” असं म्हणून व्हेरोनिकाने गळ्यातला क्रूस बाजूला सारला आणि त्याच्या जरा खाली बोट टेकवलं. “आनि जखमंच्या भवती कालं व्हतं. गोल.”

“काळं म्हणजे?” विनिताने विचारलं. आरोपीची वकील ती. आवाज पोरसवदा, पण प्रश्न नेमके. “रक्त सुकलं की काळं दिसतं, तसं?”

“रगत मला कलत न्हाय काय? जल्म मासं कापन्यात गेला. ते रगत नव्हतं. तव्याच्या बुडाला बोट लावल्यावर बोटाला येतं ना, तसलं.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, “काजळीसारखं काळं वर्तुळ, असं लिहा.” तिने लिहिलं. व्हेरोनिकाने सुस्कारा सोडला. चला, निदान कागदावर तरी आलं.

ठाण्याच्या कोर्टात ती पाच-सहा वेळा येऊन बसून गेली होती, पण पिंजऱ्यात उभी राहायची वेळ आज पहिलीच. खून झाला तो तिच्या भावाचा, मायकेलचा. आणि साक्ष द्यायला ती उभी होती ती आरोपीच्या बाजूने. उत्तनमध्ये यावरून केवढं वादळ उठलं होतं! सख्खी बहीण भावाच्या मारेकऱ्याला सोडवायला निघाली म्हणून बाजारात बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. तिचं म्हणणं एवढंच होतं की मायकेलला ज्याने मारलं तो गजाआड जावा, आणि ज्याने मारलं नाही तो सुटावा. यात वाकडं काय आहे ते तिला काही केल्या कळत नव्हतं.

आरोपी म्हणजे हृतिक, रुक्मिणीचा मुलगा. समोर पोलिसाशेजारी खाली मान घालून उभा होता. मच्छीमार सोसायटीच्या सभेत मायकेलशी त्याची बाचाबाची झाली होती आणि तोंडाळ पोराने सगळ्यांसमोर “बघून घेईन” म्हटलं होतं. तोंड त्याचं पहिल्यापासूनच फाटकं. महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार असलेल्या मायकेलला गोळी लागली आणि पोलिसांना ते दोन शब्द आयते मिळाले.

सरकार पक्षाचं म्हणणं असं, की बोंबील वाळवायच्या मैदानाच्या वळणावर बाइक आली, मागे बसलेल्या हृतिकने लांबून गोळी झाडली आणि बाइक निघून गेली. हे पाहणारा साक्षीदार एकच, मायकेलच्याच घरात वाढलेला इव्हान. तो म्हणाला, मी टेम्पो वळवून लावत होतो, अंकल पुढे चालत गेले होते. आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखमेभोवती काजळी नव्हती, भाजल्याची खूण नव्हती, त्या अर्थी गोळी जवळून झाडलेली नाही. दोन्ही साक्षी अशा चपखल बसल्या की मधून सुई जाईना.

मध्ये ही एकटी म्हातारी, काळं होतं म्हणणारी.

सरकारी वकील सावकाश उठले. माणूस सभ्य होता, आवाजही मऊ.

“बाई, तुमच्या भावाला घरी आणलं तेव्हा जखम तुम्ही पुसलीत का?”

“पुसली. अख्खा धुतला त्याला. आमच्यात मानूस रगतात गेला ना, समुद्रावर म्हना, रस्त्यावर म्हना, तर त्याला तसाच वेशीवरच्या क्रुसासमोरून न्हेत न्हाईत. आधी धुवायचा. आय गेल्यावर त्याला न्हानपनी मीच आंघोल घालायची. मंग शेवटची कोन घालनार?”

“कशाने पुसलंत?”

“कोमट पान्यानं. नवा पंचा काडला.”

“आणि पुसल्यावर ते काळं राहिलं?”

“न्हाय. गेलं.”

“म्हणजे जे काळं तुमच्याशिवाय कुणीच पाहिलं नाही, ते तुम्हीच पुसून टाकलंत. पोलीस यायच्या आधी.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी हातानेच गप्प केलं.

“तिथे आणखी कोण होतं?”

“इव्हान व्हता.”

“इव्हान यांनी या कोर्टात सांगितलंय की त्यांना काळं वगैरे काही दिसलं नाही. ते खोटं बोलले का?”

“त्यानं कुठं बगितलं असंल नीट? रडत व्हता तो.”

“ठीक आहे. आणखी काही विचारायचं नाही.”

सरकारी वकील बसले. विनिताने कागद चाळले, पुन्हा चाळले, आणि नकारार्थी मान हलवली. शिपायाने व्हेरोनिकाला हाताला धरून खाली उतरवलं. झालं! वर्षभर छातीशी धरून ठेवलेलं, ते एवढ्यात संपलं.

बाहेर व्हरांड्यात रुक्मिणी भिंतीला टेकून उभी होती. विनिता मागून आली आणि समजावू लागली, पण समजावण्यात जीव नव्हता. “मावशी, बंदूक अगदी वीतभरावरून झाडली तरच काजळी बसते. ती तुम्ही पाहिली, म्हणजे मारणारा हाताच्या अंतरावर होता. बाइकवर नव्हता. पण ती पाण्याने जाते. डॉक्टरांपर्यंत पोचलीच नाही. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, आणि तुम्हीही नाही. आता निकालात काय येईल ते…”

रुक्मिणीने व्हेरोनिकाकडे पाहिलं. दोघींची शेजाशेजारची मच्छीची पाटी, पोरं एकाच ताटात जेवलेली. “पुसलं नसतंस तर गं,” ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच. आणि मुलाला गाडीत घालतात ते पाहायला जिन्याकडे पळाली.

“चल मावशी,” इव्हानने व्हेरोनिकाची पिशवी घेतली. “दमलीस. गाडी खालीच लावलीय.”

गावाने तोंड फिरवलं तरी इव्हानने फिरवलं नव्हतं. प्रत्येक तारखेला तोच तिला आणायचा, न्यायचा. तो सरकार पक्षाचा साक्षीदार आणि ती आरोपीची, तरी गाडी एकच. लोक म्हणायचे, काय हे मन! बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून मायकेलने त्याला हातावर घेतलं होतं, पुढे बाप दर्यात गेल्यावर तो त्यांच्याच घरी वाढला. मायकेल बिनलग्नाचा, व्हेरोनिका तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरात पोर म्हणून हा एकच. मायकेलच्या जागी तिकीटही त्यालाच मिळालं. प्रचाराच्या प्रत्येक फलकावर मायकेलचा मोठा फोटो आणि खाली हात जोडलेला इव्हान. लोकांनी डोळे पुसत मतं दिली. आता तो नगरसेवक होता.

घोडबंदरला रस्ता तुंबला. इव्हानने तिला पाण्याची बाटली उघडून दिली.

“मी तुला म्हटलं होतं ना, तुला जे दिसलं ते सांग. मला त्याचा राग नाही. मन मोकळं झालं ना?”

“मोकलं कसलं? पोरगा सडनार तितं.”

“मावशी, तुझं मन फार मऊ आहे.” तो काचेतून पुढच्या ट्रककडे पाहत राहिला. “अंकलचंपण तसंच होतं.”

उत्तनचा रस्ता लागला तसं उजव्या हाताला बोंबलाचं मैदान आलं. पूर्वी इथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकत असायचे, वाऱ्याला वास असायचा. आता अर्ध्या मैदानाला निळे पत्रे लागले होते, आत जेटी आणि हॉटेल होणार होतं. मायकेल जिवंत असेपर्यंत पत्र्याचा एक खिळा ठोकू दिला नव्हता त्याने. इव्हान म्हणायचा, मी लढलो गं, पण वरून आलं, मी एकटा काय करणार? व्हेरोनिकाला ते खरं वाटायचं. एकट्याने काय होतं?

घरी आल्यावर तिचे पाय भाकरीसारखे फुगले होते. इव्हानने तिला मागच्या ओट्यावर खुर्ची दिली.

“बस इथं. हंडा ठेवतो, पाय शेकून घे.”

“गॅसवर ठेव ना टोपात.”

“चुलीवरच्या पाण्याची मजा वेगळी, तूच म्हणतेस ना.” त्याने नारळाची सोडणं रचली, वाळकी झावळी खुपसली, पेटवली, आणि मोठा तांब्याचा हंडा भरून वर चढवला. घरची रीत त्याला पाठ होती. मग फोन वाजला म्हणून तो पडवीत गेला.

व्हेरोनिकाने पिशवीतून रोझरीची माळ काढली. हंड्याला घड्याळ लावायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. तिची आई चूल पेटवून माळ हातात घ्यायची, अख्खी रोझरी म्हणून झाली की हंड्याला वाफ आलेली असायची. मधे प्रार्थनेत चुकलं आणि पुन्हा म्हणावं लागलं तर पाणी अंमळ जास्तच तापायचं आणि मायकेल ओरडायचा. व्हेरोनिकाने तेच पुढे चालवलं. इतक्या वर्षांत हंडा आणि रोझरी एकमेकांना कधी चुकले नव्हते.

“नमो मरिये, कृपापूर्णे…” ओठ आपसूक हलू लागले. पडवीतून इव्हानचा आवाज येत होता. “हां भाई, आज का काम हो गया. नहीं नहीं, कुछ नहीं हुआ. कल साइट पे मिलते हैं.”

मणी सरकत होते आणि मन काही जागेवर राहीना. रुक्मिणीचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. पुसलं नसतंस तर! खरंच का पुसलं एवढ्या घाईने? पोलीस येऊन पाहून गेल्यावर धुतलं असतं तर काय मायकेल वेशीवर अडला असता? तिने ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांपुढे आणली. नको म्हटलं तरी रोज येतच होती.

नोव्हेनाचा, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतला दिवस. अख्खं गाव चर्चमध्ये. शेवटचं गाणं चालू असताना फट्ट असा आवाज आला होता, सगळ्यांना वाटलं सणाचा फटाका. गाणं संपलं नव्हतं तोच तिच्या हातातला फोन थरथरला. “मावशी, घरी ये, अंकल.” एवढंच. ती तशीच पळाली. घर चर्चपासून हाकेवर. दारात टेम्पो उभा होता, त्याचं इंजिन अजून चालू होतं आणि मायकेल मागच्या फळीवरच होता. तिने आणि इव्हानने मिळून त्याला आत चटईवर घेतला. घर सकाळपासून बंद, ती मीरा रोडला नात्यातल्या एका लग्नाच्या साड्या बघायला गेलेली, तिथून परस्पर नोव्हेनाला. शर्टाची वरची बटणं उघडी, नेहमीसारखीच. आणि तिथे ते काळं. ती हंबरडा फोडणार तोच इव्हान म्हणाला होता, “रडू नको मावशी, आधी धू त्याला. पोलीस असाच नेतील, पेपरात असाच फोटो येईल. तो गेला तो ‘घरी ने’ म्हणत.” आणि मागच्या दारातून दोन बादल्या घेऊन आला. पाणी कसं होतं? छान कोमट. कोपर बुडवून पाहिलं होतं त्याने, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं, आणि थोडं गार ओतलं होतं.

बोटं एका मण्यावर थांबली.

गार ओतलं होतं. म्हणजे हंडा कढत होता.

समोर चुलीवर हंडा बसला होता, झावळी धडधडून पेटली होती, तिची निम्मी माळ म्हणून झाली होती आणि हंड्यावर वाफेचा पत्ता नव्हता. व्हेरोनिकाने उठून हात पाण्यात घातला. नुसतं उगीच ऊन.

ती परत बसली. तिने माळ पुढे चालू केली, कारण थांबली असती तर ओरडली असती. एकही शब्द गाळला नाही. फटाक्यासारखा आवाज, आणि गाणं संपायच्या आत फोन, आणि चालू इंजिन. त्यात हंडा कुठे तापणार? हंडा आधीच तापलेला होता. मायकेल मैदानाकडे आपल्या पायांनी चालत गेला तेव्हा त्याच्या आंघोळीचं पाणी चुलीवर चढलेलं होतं. बंद घराची दुसरी किल्ली कुणाकडे असायची ते तिला कुणी सांगायला नको होतं.

शेवटच्या मण्याला वाफ आली.

“झालं वाटतं,” म्हणत इव्हान आला. त्याने घमेल्यात कढत पाणी ओतलं, वरून गार ओतलं, शर्टाची बाही वर करून कोपर बुडवलं.

“इव्हान.”

“हं?”

“त्या दिशी हंडा कोनी ठेवलेला रं?”

त्याचं कोपर पाण्यातच राहिलं. वर मान करून त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मग त्याने हात बाहेर काढला, पंच्याने सावकाश पुसला.

“तूच ठेवला असशील, मावशी. तुला काही आठवतंय का त्या दिवसाचं? डोकं ठिकाणावर होतं का तुझं?” घमेलं त्याने अलगद तिच्या पायांशी सरकवलं. “कोर्टातपण बघ ना, सगळ्यांना तेच वाटलं. घाल पाय. गार होईल.”

व्हेरोनिकाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तो, पुढची तारीख निकालाची आहे, नेईन मी, दगदग करू नको, असं म्हणून गेला. मेल्या, मी तुला भरवलं रे या हातांनी! तिला एवढंच सुचलं, आणि तेही मनातल्या मनात, फाटक लागल्यावर. घमेल्यातलं पाणी गार झालं, तेव्हा तिने ते माडाच्या बुंध्याशी नेऊन ओतलं.

सकाळी ती मैदानावर गेली. पत्र्याच्या अलीकडे उरलेल्या दोन वलांड्यांवर रुक्मिणी बोंबील घालत होती.

“घरी चल.”

“कशाला?” रुक्मिणीने वळून पाहिलं नाही. “तुज्या उंबऱ्यात पाय ठेवला तर लोक म्हनतील साक्षीचे पैसे द्यायला आली.”

“म्हनू दे. चल म्हनते ना.”

तिच्या तोंडाकडे पाहून रुक्मिणीने टोपली खाली ठेवली. मागच्या ओट्यावर व्हेरोनिकाने चूल पेटवली, हंडा भरला, चढवला, आणि तिला शेजारी बसवून घेतलं. मग सगळं सांगितलं, आवाज, गाणं, फोन, इंजिन, बादल्या. सांगून झालं तरी हंडा थंडच होता. रुक्मिणीने हात लावून पाहिला आणि काढून घेतला. तिला कळायला आणखी काही लागलं नाही.

“वकीलबाईला सांगितलंस?”

“रातीच फोन केला. म्हनली, पानी गरम व्हतं ते कोनी बगितलं? मी म्हनले, मी. म्हनली, आनि ते पानी? मी म्हनले, वापरलं.”

“मंग?”

“मंग ती म्हनली, मावशी, पुन्हा तुमीच.”

सोडणं तडतडली. पलीकडे मैदानात कामगारांनी पत्रे ठोकायला सुरुवात केली होती.

“माजा हृतिक सुटंल का गं याच्यानं?”

व्हेरोनिकाने मान हलवली. नाही.

“मंग मला कशाला बोलावलंस? माज्या जिवाला आनि एक घोर?”

“मी एकटीनं काय काय बगू?” व्हेरोनिका म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिला रडू आलं. “मी मेले का हे कोनालाच ठावं ऱ्हानार न्हाय. तू बस. वाफ येईपरतर बस माज्याजवल. किती येल लागतो ते तूबी बग.”

रुक्मिणी उठली. व्हेरोनिकाला वाटलं, ही चालली. पण तिने ओट्याच्या कोपऱ्यातलं एक सोडण उचललं, चुलीत सारलं, आणि परत येऊन बसली. तिला रोझरी येत नव्हती. ती नुसती हंड्याकडे बघत बसली.